रोजच्या स्वयंपाकाची उमेद कुठून आणायची?
(सोलापूर आणि आसपासच्या मंडळींच्या गप्पा. नावाऐवजी प्रत्येकाची वस्ती किंवा गाव दिलंय.)

जुळे सोलापूर:
सोळा वर्षं झाली, सकाळी तीन डबे आणि रात्री सहा ताटं. गेल्या उन्हाळ्यात मात्र हात गळून गेले. पारा त्रेचाळीसवर, नळाला पाणी चार दिवसांआड, आणि संध्याकाळचे सहा वाजले की डोक्यात एकच, 'आज काय करू?' फोनवर रेसिप्या बघत बसायचे. बघून भूक लागायची, पण उठून करावंसं काही वाटायचं नाही. शेवटी बटाट्याच्या काचऱ्या.

आता माझं मत पक्कं झालंय की ही उमेद बाजारातून येते. पदार्थ ठरवून यादी करणं मी बंद केलं. आठवड्यातून दोनदा लक्ष्मी मंडईत जाते, आधी एक रिकामी चक्कर मारते, मग जे कोवळं दिसेल ते पिशवीत. परवा अंबाडीची पेंढी मिळाली, देठ लालसर, पानं गार. हातात घेतली तेव्हाच कण्या घालून करायची हे ठरलं. उकडून आंबट पाणी काढलं, घोटली, वरून लसणाची फोडणी. लसूण लाल व्हायला लागला तशी बाहेरच्या खोलीतून लेक न बोलावता ताट घेऊन आली. हे फोनवरच्या कुठल्याच पदार्थाने झालं नव्हतं. तुमचा काय अनुभव?

रेल्वे लाईन्स:
ताई, राग मानू नका, पण मला हे पटलं नाही. मी कामावरून सात वाजता सुटते. मंडईत चक्कर मारून घरी पालेभाजी निवडत कधी बसू? मुळात उमेदीची वाट बघायचीच कशाला? अंघोळीला कुणी उमेद शोधतं का? मी वार लावून टाकलेत. सोमवारी मटकी, मंगळवारी पिठलं, गुरुवारी येसर आमटी, असं ठरलेलं. रविवारी शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत कुटून बरणी भरते आणि कडक भाकरीची चवड आणून ठेवते. अंगात त्राण नसेल त्या दिवशी भाकरी, चटणी, दही. पोरं पोटभर जेवतात. विचार आठवड्यातून एकदाच करायचा. डोकं शांत असलं की हात आपोआप चालतो.

पूर्व भाग:
अक्का, तुम्ही दोघीही बाईने एकटीने हे कसं निभवायचं तेवढंच बोलताय. माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, संध्याकाळपर्यंत बोटं आखडलेली. तिला बाजारही हुरूप देणार नव्हता आणि वारांचा तक्ताही. वडील यंत्रमागावरून आले की भाताचं आधण तेच ठेवायचे. आणि 'आज काय?' असं तिला कधी विचारायचे नाहीत. 'आज पुंटिकूर करू, मी निवडतो' म्हणायचे. तुमची अंबाडी तीच आमची पुंटिकूर. वडील पानं खुडत बसले की आई दोन मिनिटं भिंतीला टेकायची आणि मग आपणहून उठायची.

भाजी चिरायला दहा मिनिटं लागतात. काय चिरायचं याचं ओझं मात्र सकाळपासून डोक्यावर असतं. ताई, सहा ताटांतली बाकीची पाच माणसं तुमच्याबरोबर मंडईत कधी आलीत?

मंगळवेढा:
मी जुळे सोलापूरच्या ताईंच्या बाजूने. वय चौसष्ट. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं भाकरी मीच करतो. पहिले दोन महिने परातीतच भाकरीला चिरा पडायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. आपल्याला हे जमणारच नाही असं वाटून स्वयंपाकघरात जायचीच इच्छा होईना. शेजारच्या मावशींनी एकदा पीठ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, याची विरी गेलीय, चिकटपणाच राहिला नाही. कधीचं दळलंय?" दीड महिन्याचं होतं! आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला केवढा अभिमान, आणि घरात शिळं पीठ. आता आठ दिवसांपुरतंच दळतो. ताज्या पिठाचा गोळा थापताना भाकरी हाताखाली गोल फिरते, वर पाण्याचा हात फिरवून उलटली की टम्म फुगते. ती फुगताना मी अजूनही बघत उभा राहतो. सामान चांगलं असलं की करावंसं वाटतं, एवढं मी ठामपणे सांगेन.

रेल्वे लाईन्स:
काका, तुमच्या भाकरीला नमस्कार. पण तुमच्या हाताशी सकाळ मोकळी आहे, माझ्या नाही. आणि पूर्व भागच्या दादांना सांगते, वार लावलेत म्हणूनच माझ्या घरी वाटणी झाली. कागद फ्रिजवर चिकटवलाय. गुरुवारी मी पोचायच्या आत मिस्टर आमटी टाकतात. ठरलेलं नसतं तर त्यांनी मला फोन करून विचारलं असतं आणि ओझं परत माझ्याच डोक्यावर.

जुळे सोलापूर:
दादा, तुमचा प्रश्न दोन दिवस मनातून जाईना. खरं सांगायचं तर कुणीच कधी आलं नव्हतं आणि मीही कधी म्हटलं नव्हतं. या रविवारी लेकीला आणि ह्यांना बरोबर नेलं. ह्यांनी दोडके निवडले, जरा जून निघाले, पण शिरांची चटणी स्वतः परतली आणि रात्री तीच आधी संपली.

वार लावायला मात्र माझं मन घेत नाही, ताई. गुरुवारी आमटी ठरलेली आणि समोर कोवळा चाकवत दिसला, तर तो तिथेच सोडून यायचा?

रेल्वे लाईन्स:
सोडून यायचा. शुक्रवारी मिळतोच.

पूर्व भाग:
अक्का, अंबाडीत कण्या किती घालता? आमच्यात डाळ घालून करतात. या रविवारी निवडणं आणि फोडणी दोन्ही माझ्याकडे आहे.

जुळे सोलापूर:
एका पेंढीला मूठभर ज्वारीच्या कण्या, तासभर भिजवलेल्या. पाणी काढून टाकल्यावर भाजीतच शिजू द्या, कच्च्या राहिल्या तर दाताखाली येतात. सुपारीएवढा गूळ. ही रीत माझ्या कन्नड शेजारणीची, ती हिला पुंडीपल्ल्या म्हणते. लसूण जरा जास्तच घ्या, फोडणीतला निम्मा ताटात वरून घालायला ठेवा.