पाण्यावर तरंगणारी इवलीशी वनस्पती, डकवीड, अर्ध्या भांड्यातच थांबली. जागा शिल्लक असताना वाढ का थांबते?

ओलावा

मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एस-आकाराचा वक्र आहे. संख्या आधी सावकाश, मग झपाट्याने वाढते आणि शेवटी 'धारणक्षमता' (म्हणजे त्या जागेत जास्तीत जास्त किती जीव तगू शकतात) लिहिलेल्या आडव्या रेषेला टेकून सपाट होते. तिने विचारलं, "आई, ही रेषा कोण ठरवतं?" मला सांगता येईना. मग दोघींनी मोजूनच बघायचं ठरवलं.

१२ सेंटिमीटर व्यासाचं काचेचं पसरट भांडं घेतलं. कुंडीतली माती ढवळून गाळलेलं पाणी त्यात भरलं आणि डकवीडची १२ पानं सोडली. भांडं खिडकीत ठेवलं. दर तिसऱ्या दिवशी वरून फोटो काढायचा, मोठा करून एकेका पानावर टिंब द्यायचं आणि टिंबं मोजायची. उडून गेलेलं पाणी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून काढत होतो.

आकडे असे: १२, २२, ४५, ८८, १७०, २९५, ३८०, ४१५, ४२०, ४१८.

वक्र अगदी पुस्तकातल्यासारखा आला, मुलगी खूश आहे. मला मात्र चैन नाही. निम्म्याहून जास्त पाणी अजून उघडं आहे, ऊनही रोज तेवढंच येतं. मग ४१८ ला थांबायचं कारण काय? आणि '४२० ही या भांड्याची धारणक्षमता' असं वहीत लिहिलं तर ते बरोबर ठरेल का?

भुंगेरा

ओलावाताई, मोजणी फार चांगली झाली आहे. पहिल्या बारा दिवसांत १२ चे १७० झाले, म्हणजे साधारण दर तीन दिवसांनी दुप्पट. हाच वेग साठ दिवस टिकला असता तर वीस वेळा दुप्पट होऊन सव्वा कोट पानं झाली असती. त्यामुळे वाढ थांबणार हे नक्कीच होतं, फक्त ती कशाने थांबली ते शोधायचं आहे.

मी कीटकांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. पिठात होणारे तांबूस भुंगेरे बाटल्यांमध्ये वाढवणं हे माझं काम. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच अडलो होतो. बाटलीत पीठ भरपूर शिल्लक, तरी संख्या वाढेना. आधी वाटलं, माद्यांनी अंडी घालणंच बंद केलं असेल. चाळून पाहिलं तर अंडी होती. पण गर्दीत हिंडणारे भुंगेरे वाटेत आलेली अंडी खात होते. शिवाय त्यांच्या अंगातून पाझरणारी क्विनोन नावाची रसायनं पिठात साचतात आणि अशा जुन्या पिठात माद्या अंडीही कमी घालतात. अन्न संपायच्या कितीतरी आधी वाढ थांबली होती. पीठ दुप्पट केलं की भुंगेरेही जवळपास दुप्पट व्हायचे. तेव्हापासून कुठेही वाढ थांबलेली दिसली की मी दोन गोष्टी शोधतो: जन्म घटले की मृत्यू वाढले, आणि कशामुळे.

तुमच्या भांड्यात बहुधा नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपला असावा. गरजेच्या मानाने जी गोष्ट सर्वांत अपुरी, तीच वाढ अडवते. बाकीचं कितीही असलं तरी उपयोग नाही. पिकांच्या बाबतीत हा नियम लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. एक पान हळूच उचलून बघा. डकवीडला पोषण कमी पडलं की मुळं लांबतात आणि पानं फिकट होतात.

मग हे करून बघा. पानं आणि तेच जुनं पाणी दोन सारख्या भांड्यांत निम्मं निम्मं वाटा. दोन्हींत उकळून गार केलेलं पाणी घालून पातळी सारखी करा. एकात द्रवखताचे थोडे थेंब टाका, दुसऱ्यात काही नाही. दुसरं भांडंच जास्त सांगेल.

उत्तरवारा

भुंगेरासर, माझी अडचण वेगळी आहे. वक्र नेहमी असा अलगद वळत असता तर प्राण्यांची संख्या कोसळलेली कधीच दिसली नसती. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटाचं उदाहरण घ्या. १९४४ मध्ये तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नव्हते आणि जमिनीवर लायकेनचा, म्हणजे दगडफुलासारख्या वाढीचा, जाड थर होता. रेनडिअर तेच खातात. १९५७ मध्ये सुमारे १,३५० रेनडिअर झाले, १९६३ मध्ये ६,०००. त्यानंतरचा हिवाळा फार कडक गेला. १९६६ मध्ये मोजले तेव्हा उरले होते ४२, त्यात नर एकच आणि पाडस एकही नाही. पुढे तो कळपही संपला. इथे रेषा कुठे होती?

भुंगेरा

तुमचं म्हणणं खरं आहे, आणि पुस्तकात हे सांगायला हवं होतं. पुस्तकातला वक्र ज्यावरून येतो त्या, व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये मांडलेल्या समीकरणात आजची गर्दी आजच्याच वाढीला लगाम घालते, असं धरलेलं आहे. मध्ये वेळ जातच नाही. रेनडिअरच्या बाबतीत वेळ गेला. लायकेन वर्षाला अगदी थोडं वाढतं, पण खाणाऱ्याला अनेक वर्षांत साचलेला सगळा थर मिळतो. कळप जणू मुद्दल खात होता, आणि मुद्दल शिल्लक असेपर्यंत पाडसं जन्मत राहिली. टंचाई जन्मदरापर्यंत पोचली तोवर संख्या कितीतरी पुढे गेली होती. हिवाळा कडक होता हे खरं, पण धष्टपुष्ट कळपातले बरेच प्राणी त्यातून तगले असते.

वाढीचा वेग आणि हा उशीर, दोन्ही मिळून वक्राचा आकार ठरतो. वेग कमी आणि उशीर थोडा असेल तर संख्या अलगद सपाट होते. दोन्ही वाढले की ती रेषेच्या वर-खाली हेलकावे खाते. निकल्सन या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना त्रास देणाऱ्या माश्या पिंजऱ्यात वाढवल्या होत्या. प्रौढ माश्यांना रोज ठराविकच खाद्य मिळायचं. माश्या कमी असल्या की प्रत्येकीला पोटभर मिळायचं आणि अंड्यांचा ढीग पडायचा. त्या अंड्यांतून प्रौढ माश्या निघेपर्यंत कित्येक दिवस जायचे. मग एकदम गर्दी, खाद्य अपुरं, अंडी जवळपास बंद, आणि संख्या धाडकन खाली. खाद्याचं प्रमाण रोज तेच, तरीही हे चक्र चालूच राहिलं.

डकवीडमध्येही थोडा उशीर असतो. पाण्यातलं पोषण संपलं तरी पानांत साठलेल्यावर काही दिवस नवी पानं फुटतात. पण तो साठा लहान, आणि नव्या पानाला तो वाटून मिळतो. म्हणून तुमची संख्या उसळली नाही.

ओलावा

बारा दिवसांनी परत आले.

मुळं खरंच लांबली होती. मुलीने पट्टीवर ठेवून पाहिलं, काही मुळं चार सेंटिमीटरच्या पुढे. दोन्ही भांड्यांत २०९-२०९ पानं टाकली.

खताचं भांडं: तीन दिवसांनी २२०. मला वाटलं, अंदाज चुकला. पण मुलगी म्हणाली, रंग बघ. पानं आधी गडद हिरवी झाली, संख्या नंतर हलली. सहाव्या दिवशी ३९०, नवव्या दिवशी ७२०. आज पाणी दिसतच नाही. पानं एकमेकांवर चढली आहेत, खालची पिवळी पडत आहेत, फोटोवर टिंबं देता येत नाहीत. म्हणजे आता प्रकाश कमी पडतोय.

बिनखताचं भांडं: २०९, २११, २११, २०८, २०८.

या भांड्याने मला थांबवलं. प्रत्येक पानाला आधीच्या दुप्पट जागा मिळाली, तरी एकही पान टिकून वाढलं नाही. भांडं तेवढंच, आणि थांबलं कुठे, तर आधीच्या निम्म्यावर. पोषणही निम्मंच होतं. सर, तुमच्या पिठासारखंच झालं हे.

मुलीने वहीतली '४२० ही भांड्याची धारणक्षमता' ही ओळ खोडली. तिथे आता लिहिलंय: 'मातीचं पाणी: ४२०. तेच निम्मं: २०८. खत घातल्यावर: मोजता आलं नाही, कारण वरच्यांची सावली खालच्यांवर.' उद्यापासून तिसरं भांडं लावतोय, खत तेवढंच पण वर पातळ कापडाची सावली. तिचा अंदाज आहे की हे पाणी झाकलं जायच्या आधीच थांबेल, माझा आहे की झाकलं जाईल, फक्त उशिरा. आकडे इथेच टाकते.