बाबांच्या लिक्विड बायोप्सीत (रक्तातून कॅन्सरचा डीएनए शोधायची टेस्ट) पीपीएम१डी जीनमध्ये म्युटेशन आलंय, रेडिएशनमुळे असेल का?

नाशिकची_मुलगी:
बाबा ७३ वर्षांचे, काही वर्षांपूर्वी प्रोस्टेटला रेडिएशन झालंय, लिम्फ नोड्सवर पण दिलं होतं. आता हॉर्मोनचं इंजेक्शन चालू असून पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) चढतोय म्हणून डॉक्टरांनी रक्तातली जेनेटिक टेस्ट करायला लावली. त्यात पीपीएम१डी ३ टक्के आणि एटीएम नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये २.५ टक्के (म्हणजे रक्तातल्या त्या जीनच्या एवढ्या टक्के कॉपींत बदल) आलंय आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हे रक्तपेशींमधलं असू शकतं. चुलतभावाने नेटवर बघून सरळ ब्लड कॅन्सर म्हणून सांगून टाकलं, आई धड जेवत नाहीये तेव्हापासून. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे. आणि आम्हा भावंडांना पण टेस्ट करावी लागेल का?

लॅबवाला:
ताई, आधी आईंना सांगा की एवढ्यावरून ब्लड कॅन्सर म्हणत नाहीत. हे बहुतेक क्लोनल हिमॅटोपोएसिस असणार, आम्ही चिप म्हणतो. मॅरोतल्या (हाडातल्या मगजातल्या) रक्त बनवणाऱ्या एखाद्या स्टेम सेलमध्ये बदल होतो आणि तिचीच पिल्लावळ वाढत जाते. सत्तरीनंतर साधारण दहात एकाला सापडतं, रेडिएशन न घेतलेल्यांनाही, पण त्यांच्यात जास्त करून डीएनएमटी३ए, टेट२ असले जीन्स असतात. पीपीएम१डी, टीपी५३, चेक२ दिसले की पहिला प्रश्न हाच, आधी केमो किंवा रेडिएशन झालंय का.
रेडिएशनने म्युटेशन तयार केलं असंच नाही हां, बऱ्याचदा ते मूठभर पेशींत आधीपासून असतं. पीपीएम१डीत हा बदल झाला की पी५३, म्हणजे खराब झालेल्या पेशीला मारणारं प्रोटीन, दबून राहतं, मग डीएनए तुटला तरी ती पेशी मरत नाही, शेजारच्या मरतात आणि हिला रान मोकळं. कंबर, खुब्याच्या हाडांत बरीच मॅरो असते, नोड्सवर रेडिएशन दिलं की तिला डोस लागतोच.

गावठी_इंजिनियर:
म्हणजे नोड्सवर द्यायलाच नको होतं, पैसे उकळायचे धंदे सगळे

लॅबवाला:
नाही हो. आपल्या टाटा मेमोरियलचीच पीओपी-आरटी ट्रायल आहे, हाय रिस्क पेशंटमध्ये नोड्सवर पण दिल्यावर ५ वर्षांनी पीएसए न वाढलेले ९५ टक्के होते, फक्त प्रोस्टेटवर दिलेल्यांत ८१. लघवीचा त्रास थोडा जास्त, ते खरं. पण चिपच्या भीतीने हा फायदा सोडायचा म्हणजे कमालच झाली.
ताई, मला काळजी पीपीएम१डीपेक्षा एटीएमची आहे. त्यावरून कोणती गोळी सुरू करू म्हणालेत का?

नाशिकची_मुलगी:
हो!! ओलापरिब म्हणाले (डीएनए दुरुस्तीच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या कॅन्सरवरची गोळी), पुढच्या आठवड्यात. म्हणजे थांबायचं का?

लॅबवाला:
मी थांबा म्हणणारा कोण, पण डॉक्टरांना एवढं विचारा की पांढऱ्या पेशींचं वेगळं सीक्वेन्सिंग (त्यांचा डीएनए वाचणं) झालंय का. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, ट्यूमरचा डीएनए असतो तसा रक्तपेशींचाही असतो, टेस्टला आपोआप कळत नाही कोणाचा कुठला. २०२१ मध्ये जामा ऑन्कॉलॉजीत आलं होतं, ॲडव्हान्स्ड प्रोस्टेटच्या साधारण १० टक्के पुरुषांत चिपमुळे असा घोळ होऊ शकतो, आणि त्यात एटीएम बऱ्याचदा. एटीएम रक्तपेशींतलंच निघालं, ट्यूमरमधलं नाही, तर त्यावरून गोळी द्यायचा मुद्दाच उरत नाही, वर गोळीने हिमोग्लोबिन उतरतं आणि एमडीएसची (मॅरो नीट रक्त न बनवण्याचा आजार) वॉर्निंग तर तिच्या लेबलवरच आहे.
भावंडांचं म्हणाल तर आईवडिलांकडून आलेलं म्युटेशन ५० टक्क्यांच्या आसपास दिसतं, २.५ नाही. तरी आजार पसरला असेल तर बाबांची जर्मलाइन टेस्ट (जन्मापासूनचे, वारशाने येणारे बदल बघायची) करतातच, बीआरसीए२ वगैरे जीन्ससाठी. ती स्वच्छ आली की सहसा तुम्हाला काही करायचं नाही.

सोलापूरचा_नाना:
माझंही रेडिएशन झालंय आणि रिपोर्टमध्ये असलंच काहीतरी आलं होतं. आमचे हिमॅटॉलॉजिस्ट म्हणाले दर काही महिन्यांनी सीबीसी करा, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खाली जायला लागल्या नाहीतर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढायला लागला तर या, तोपर्यंत मॅरो टोचायची गरज नाही. आणि बीपी शुगर सांभाळा म्हणाले, चिपवाल्यांना हार्टचा धोका जास्त असतो म्हणे.

नाशिकची_मुलगी:
थँक्यू नाना, थँक्यू लॅबवाले दादा. पांढऱ्या पेशींसाठी रक्त परत द्यावं लागेल की जुनं सॅम्पल चालेल?

लॅबवाला:
लॅबला फोन करा, सेल्स जपून ठेवले असतील तर त्यातूनच होतं. नाहीतर एक ईडीटीए ट्यूब, जांभळ्या टोपीची.