जाँ जेरसों : सुधारक, की यान हुसच्या चितेचा भागीदार?

वाटसरू :
बरेच दिवस हा माणूस डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. जाँ जेरसों, जन्म १३६३, फ्रान्समधल्या शँपेन भागातल्या साध्या घरचा, बारा भावंडांत थोरला, आणि १३९५ ला पॅरिस विद्यापीठाचा चान्सलर. त्या काळात चर्चची काय अवस्था होती बघा, १३७८ पासून दोन पोप, एक रोमला एक आविन्योंला, १४०९ ला पिसाला सभा भरवून तंटा मिटवायला गेले तर तिसराच पोप उभा राहिला. शेवटी आजच्या जर्मनीतल्या कॉन्स्टन्स शहरात धर्मसभा भरली (१४१४ ते १८). तिथून २० मार्च १४१५ ला पिसावाला पोप जॉन वेष बदलून पळाला, सभा मोडतेय की काय असं झालं, आणि तीनच दिवसांनी जेरसोंने भर सभेत प्रवचन करून सांगितलं की पोपलासुद्धा धर्मसभेचं ऐकावं लागेल. ६ एप्रिलला तसा ठरावच झाला. १४१७ ला पाचवा मार्टिन निवडला गेला आणि फूट मिटली. पोपला जाब विचारता येतो हे त्या काळात उघड बोलायला छाती लागते. माझ्या मते हा खरा सुधारक.

प्रागप्रेमी :
असहमत. याच सभेने ६ जुलै १४१५ ला चेक धर्मोपदेशक यान हुसला जिवंत जाळलं आणि राख ऱ्हाइन नदीत टाकली, ते तुमच्या धाग्यात कुठेच नाही! जर्मन राजा सिगिस्मुंडने अभयपत्र दिलेलं म्हणून हुस तिथे गेला, आणि पोचल्यावर महिन्याभरात कैदेत. हुस काय मागत होता हो? तो प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये लोकांच्या चेक भाषेत प्रवचन करायचा, पापक्षमेची पत्रं विकायला त्याने विरोध केला. आणि जेरसोंने १४१४ मध्येच प्रागच्या आर्चबिशपला पत्र लिहून या शिकवणीचा बंदोबस्त करा म्हणून सांगितलेलं. स्वतः पोपच्या वर सभा बसवायची आणि दुसऱ्याने सभेपुढे मान तुकवली नाही की त्याला आगीत घालायचं, याला सुधारणा म्हणायचं?

जुना विद्यार्थी :
प्रागप्रेमी, तुमचा राग समजतो पण दोघांचा मुद्दा एक नव्हता. हुस म्हणत होता की पापात बुडालेल्या पोपला, बिशपला खरा अधिकारच उरत नाही. जेरसोंला यात अराजक दिसलं, कोण पापी ते ठरवणार कोण? फूट मिटवायला आलेल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं.

प्रागप्रेमी :
परवडत नव्हतं म्हणून जाळायचं? वाद घालून हरवा ना, एवढे मोठे पंडित होतात तर.

वसईची लेक :
मी कॅथलिक घरातली, म्हणून हा विषय मला जवळचा आहे. हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये खेद व्यक्त केला, त्यामुळे आता त्याचं समर्थन करायची गरज कुणालाच नाही. पण जेरसोंची दुसरी बाजू पण बघा. फ्रान्समध्ये फाशीच्या कैद्यांना मरण्याआधीचा पापकबुलीचा संस्कार नाकारायचे, जेरसोंने त्याविरुद्ध लिहिलं आणि १३९७ ला राजाने ती बंदी उठवली. आपल्या बहिणींसाठी, सामान्य बायकांसाठी त्याने लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये अध्यात्म लिहिलं. हे करणारा माणूस हुसच्या बाबतीत इतका कठोर कसा झाला हे मला खरंच कळत नाही, आणि वाईट वाटतं.

वाटसरू :
प्रागप्रेमी, मान्य, हुसला वगळून धागा काढणं चूकच होतं माझं. पण एक सांगतो. १४०७ ला बरगंडीच्या ड्यूकने राजाच्या भावाचा खून करवला आणि जाँ पती नावाच्या पंडिताने जुलमी माणसाला मारणं योग्यच म्हणून त्याची बाजू मांडली. जेरसों कॉन्स्टन्सला त्याविरुद्ध पण तितकाच भांडला, समोर एवढा ताकदवान ड्यूक असताना. सभेने ६ जुलै १४१५ लाच, म्हणजे हुसला जाळलं त्याच दिवशी, ते मत मोघम निषेधलं, पतीचं नावही घेतलं नाही. आणि ड्यूकच्या भीतीने जेरसों पुन्हा पॅरिसला जाऊ शकला नाही, आधी ऑस्ट्रिया, मग लिओं, १४२९ ला तिथेच वारला. शेवटी लहान मुलांना शिकवायचा.

प्रागप्रेमी :
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे ड्यूकच्या पंडिताचं नाव घ्यायलासुद्धा सभा कचरली आणि प्रागच्या साध्या पाद्र्याला मात्र त्याच दिवशी चितेवर चढवलं. त्या सभेवरचा माझा राग तुम्ही वाढवलात, जेरसोंवरचा थोडा कमी झाला. थोडाच.