कमी पगार, दुसरं शहर: जावं की राहावं?

रुजवात

सरळ मुद्द्यावर येते. सध्याच्या पगाराच्या पाऊणपट पगाराची ऑफर हातात आहे, शहर दुसरं आहे, आणि माझ्या मते जायला हवं. घरचे, ऑफिसातले, सगळे एकच विचारतात: "पगार वाढत असेल तर शहर बदलणं समजतं, कमी होत असताना कशाला?" या प्रश्नामागचं गृहीतकच मला पटत नाही, म्हणून हा धागा.

गृहीतक असं की पगार म्हणजेच कामाचा पूर्ण मोबदला. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवलंय की मजुरीतला फरक पाच गोष्टींवर ठरतो: काम किती सुखाचं, ते शिकायला किती खर्च, त्याची शाश्वती किती, त्यात विश्वासाची जबाबदारी किती आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. नकोशा कामाचे माणूस जास्त पैसे मागतो, हव्याशा कामाचे कमी घेतो. म्हणजे पगारातली घट ही काही वेळा सरळ सरळ किंमत असते, आणि किंमत मोजली म्हणजे नुकसान झालं असं होत नाही.

आता माझं. ज्या कामासाठी मी शिकले ते काम मी गेली काही वर्षं करतच नाही. ते करणाऱ्यांचे अहवाल गोळा करते, एकत्र लावते, वर पाठवते. नव्या ठिकाणी ते काम स्वतः करायचं आहे. दुसरं म्हणजे प्रवास. मुलगी उठायच्या आत मी घर सोडते आणि परतते तेव्हा ती झोपायच्या बेतात असते. शाळेत काय झालं ते मला तिच्या वहीवरून कळतं.

हिशेबही मांडलाय. आत्ताचा हातात येणारा पगार १०० धरला तर घरभाडं ३५, जाणं-येणं आणि मुलीला सांभाळण्याचा खर्च १५, बाकी घरखर्च ३०, शिल्लक २०. नव्या शहरात पगार ७५, भाडं १८, जाणं-येणं आणि सांभाळणं ६, घरखर्च २८, शिल्लक २३. पगार कमी होऊन शिल्लक वाढते. नवऱ्याचं काम कुठूनही करता येण्यासारखं आहे, त्याच्या साहेबांनी होकार दिलाय.

विरोधी मतं मुद्दाम मागवतेय. हातचं राखून लिहू नका.

हिशेबनीस

तुम्ही म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. जाऊ नका.

तुमचा तक्ता पहिल्या महिन्यापुरता बरोबर आहे. पण शहर बदललं की सगळेच खर्च खाली येत नाहीत. भाडं येतं, मदतनिसाचा पगार येतो. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, फोन, लॅपटॉप, विमानाचं तिकीट, मुलीच्या उच्चशिक्षणाची फी, मोठं ऑपरेशन, यांना तुम्ही कुठे राहता याच्याशी काही देणंघेणं नसतं. घरखर्चाच्या २८ मध्ये यातलं किती धरलंय? आणि ते दर महिन्याला येत नाही म्हणून तक्त्यात दिसत नाही, असं तर नाही ना?

पुढची गोष्ट वाढीची. पगारवाढ टक्क्यांत मिळते. दोन्हीकडे वर्षाला ८ टक्के धरली तरी दहा वर्षांनी १०० चे साधारण २१६ होतात आणि ७५ चे १६२. आज २५ ची असलेली तफावत ५४ ची होते. निवृत्तीसाठीची कपात पगाराच्या टक्केवारीत असेल तर तीही त्याच प्रमाणात मागे राहते. त्यापुढची नोकरी शोधाल तेव्हा पहिला प्रश्न 'सध्या किती मिळतं?' हाच असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे ७५ सांगावे लागतील.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती परतीची. महाग शहरातून स्वस्त शहरात जाणं सोपं. उलट यायचं तर वाढलेलं भाडं, जास्तीचं डिपॉझिट आणि कमी पगाराची अलीकडची नोंद, तिन्ही एकदम अंगावर येतात. घर स्वतःचं असेल आणि ते विकून गेलात तर परत तसंच घर घेणं बहुतेकांना जमत नाही.

भाड्याचे १८ आणि प्रवासाचे ६ एकत्र लिहिलेत तिथेही थांबून बघा. स्वस्त घर आणि जवळचं ऑफिस, ही दोन्ही सुखं एकाच पत्त्यावर मिळतील असं त्यात धरलंय. ऑफिसजवळचं घर जवळपास प्रत्येक शहरात महाग असतं.

साधा_माणूस

हिशेबनीस यांच्याशी सहमत. कामाचा कंटाळा हा पगार कमी करून घेण्याचा मुद्दा असूच शकत नाही. आहे त्याच शहरात काम बदला.

उत्तररात्र

साधा_माणूस, 'आहे त्याच शहरात बदला' हे उत्तर तेव्हाच लागू पडतं जेव्हा ते काम त्या शहरात असतं. कित्येक क्षेत्रांत काम ठरावीक शहरांतच एकवटलेलं असतं. धागाकर्तीने ते शोधलं नसेल असं का धरायचं?

हिशेबनीस यांच्या तफावतीच्या गणितात एक बाजू सुटली आहे. पगार ८ टक्क्यांनी वाढतोय तसं भाडंही वाढणारच. दोन्हीकडचे खर्चही त्याच दराने वाढले तर दहा वर्षांनी शिल्लक एकीकडे ४३ आणि दुसरीकडे जवळपास ५० होईल. म्हणजे ५४ ची तफावत पगाराची आहे, हातात उरणाऱ्या पैशाची नाही. टक्केवारीतली कपात आणि पुढच्या नोकरीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, ती गळती खरी आहे.

आता यात पैशाच्या पलीकडचं. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेचा फायदा जितका सुखावतो त्यापेक्षा तेवढाच तोटा जास्त टोचतो. पंचवीस टक्के घट ऐकली की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या येतात त्या यामुळे. मुलीचा शाळेतला दिवस वहीवरून कळणं हाही तोटाच आहे, पण तो कुठल्या रकान्यात येत नाही. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. लांबच्या प्रवासाची भरपाई पगारातून किंवा चांगल्या घरातून होत असेल असं आपण समजतो. त्यांच्या आकडेवारीत ती पुरेशी होताना दिसली नाही.

माझं मत: जा.

सावध

उत्तररात्र, त्या जर्मन निष्कर्षाबरोबर हेही सांगायला हवं की ब्रिटनमधल्या तशाच पाहणीवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात प्रवासाचा वेळ आणि एकूण समाधान यांचा तसा संबंध आढळला नव्हता. पैशाचंही तेच. २०१० मध्ये तेच कानमन आणि अर्थतज्ज्ञ डीटन यांनी अमेरिकेत म्हटलं की रोजच्या मनःस्थितीवर उत्पन्नाचा परिणाम वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे थांबतो. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. २०२१ मध्ये किलिंग्जवर्थ या संशोधकांना तो थांबताना दिसला नाही, आणि २०२३ मध्ये कानमन यांनी त्यांच्याच बरोबर लिहिलेल्या लेखात निष्कर्ष आला की बहुतेकांच्या बाबतीत समाधान उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, सपाट होतं ते मुळातच सर्वांत कमी समाधानी असलेल्या गटात. तेव्हा 'पैशाने सुख मिळत नाही' या भरवशावर कुणी राजीनामा देऊ नये.

शिवाय कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक असतो. 'ते काम स्वतः करायचं आहे' असं मुलाखतीत सांगतात. सहा महिन्यांनी तिथेही अहवालच लावायला लागले तर पगार मात्र ७५ च राहील. नव्या ठिकाणी त्याच पदावरच्या कुणाशी, साहेब समोर नसताना, बोलणं झालंय का?

दोन_गावं

तुम्ही सगळे तिच्या पगारावर बोलताय. मला तिच्या नवऱ्याबद्दल बोलायचंय, कारण मी त्या जागी होतो. बायकोला हवं ते काम दुसऱ्या शहरात मिळालं, पगार थोडा कमी होता, आम्ही गेलो. माझ्याही साहेबांचा होकार होता.

तो होकार तोंडी होता. साहेब बदलले, नव्या साहेबांनी आठवड्यातून तीन दिवस हजर राहायला सांगितलं आणि मला ती नोकरी सोडावी लागली. नव्या शहरात मला ओळखणारं कुणी नव्हतं. कुणी भेटलं की 'तुम्ही इकडे कसे?' या प्रश्नाला माझं उत्तर 'ती इथे रुजू झाली म्हणून' असं सुरू व्हायचं. एकदा ती कामासाठी बाहेरगावी असताना मुलाला रात्री ताप चढला आणि फोनमध्ये जवळपास राहणाऱ्या एकाही माणसाचा नंबर नव्हता. शेवटी इमारतीच्या रखवालदाराला उठवून डॉक्टरचा पत्ता विचारला. जुन्या शहरात तेव्हा माझी बहीण दहा मिनिटांत दारात आली असती. हे कुठल्या तक्त्यात लिहिणार?

जेकब मिन्सर या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये हेच मांडलं होतं. कुटुंब म्हणून एकूण फायदा होत असेल तर कुटुंब हलतं, पण त्यातल्या एकाचा तोटा झालेला असू शकतो, तो एकटा असता तर हललाच नसता. उलटही होतं: एकट्याने गेला असता असा माणूस कुटुंबापायी अडकून राहतो. बहुतेक घरांत ही बांधलेली बाजू बायकोच्या वाट्याला येते, आमच्याकडे माझ्या वाट्याला आली.

मी 'जाऊ नका' म्हणत नाही. कारण बायको तिथे खरोखर फुलली, आणि ते बघण्याचं समाधान मी नाकारणार नाही. पण नवऱ्याच्या परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय तुम्ही तुमच्या पत्रावर सही करू नका. आणि त्याला एकदा विचारा, तुझी ही नोकरी गेली तर त्या शहरात तुला दुसरी मिळेल का? 'बघू' असं उत्तर आलं तर तक्त्यात त्याचाही पगार घालून हिशेब पुन्हा करा.

उत्तररात्र

दोन_गावं यांचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. फक्त एवढं म्हणेन की लॅरी स्याश्टाड या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्ये स्थलांतराकडे गुंतवणूक म्हणून पाहिलं, तेव्हा ओळखीची माणसं आणि परिसर सुटण्याची मानसिक किंमतही त्यात धरली होती. गुंतवणूक म्हटली की परतावा किती वर्षं मिळणार हे महत्त्वाचं, म्हणून तरुणपणी हलणं जास्त फायद्याचं ठरतं. धागाकर्ती मुलगी लहान असताना विचारतेय, दहा वर्षांनी हाच निर्णय कितीतरी महाग पडेल.

साधा_माणूस

मुलगी लहान आहे म्हणूनच बहीण, आई, शेजारी जवळ हवेत. दहा वर्षांनी ती स्वतःचं स्वतः बघेल, तेव्हा खुशाल जा. तुमचं गणित उलटं बसतं.

रुजवात

सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, आभार. जमेल तशी उत्तरं देते.

हिशेबनीस, भाड्याचे १८ जाहिरातीतून उचललेले नाहीत. ऑफिसच्या आसपासची घरं प्रत्यक्ष पाहिली, त्यातल्या महागाचं भाडं लिहिलंय. घर आत्ताही भाड्याचंच आहे, विकण्याचा प्रश्न नाही. कधीतरी येणारे मोठे खर्च मात्र तक्त्यात नव्हते. ते वार्षिक काढून बारा महिन्यांत वाटले तर आत्ताची शिल्लक १२ आणि तिथली १५ येते. फरक तीनचाच राहतो, पण १५ मधून हप्ता एखादा वाढला तर हलायला जागा फार थोडी आहे हे दिसतं.

सावध, त्या पदावरच्या एकीशी बोलले. तिच्या दिवसातला मोठा भाग खरंच त्या कामात जातो, अहवाल आठवड्यातून एकदा. ती स्वतः कमी पगारावर आली होती आणि पगारवाढीबद्दल ती नाराज आहे, हेही तिने सांगितलं.

साधा_माणूस, माणसं जवळ हवीत हे मला मान्य आहे. पण सध्या ती जवळ असूनही मुलगी दिवसभर दुसऱ्यांकडे असते ते मी नाही म्हणून. आई संध्याकाळी घरी असणं आणि मावशी दहा मिनिटांवर असणं यातलं एक निवडायचं तर मी पहिलं निवडेन.

दोन_गावं, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने लेखी मागितलं. उत्तर आलं की परवानगी एका वर्षापुरती देता येईल, पुढचं पुढे पाहू. दुसरी नोकरी तिथे मिळेल का, याला तो 'कठीण आहे' म्हणाला.

हिशेबनीस

मग माझं मत आणखी पक्कं झालं. वर्षभराने एक पगार गेला तर १५ च्या शिलकीचा प्रश्नच उरत नाही, कारण ती दोन पगारांतली आहे की एकट्या तुमच्या, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

तरीही जायचंच ठरलं तर सही करण्याआधी एवढं करून घ्या. पगाराचा पहिला फेरविचार वर्षाऐवजी सहा महिन्यांत व्हावा हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. पगार वाढवता येत नसेल तर सामान हलवण्याचा खर्च आणि सुरुवातीच्या महिन्यांचं राहणं मागा. एकरकमी द्यायला कंपन्या जितक्या सहज तयार होतात तितक्या कायमच्या वाढीला होत नाहीत. पदाचं नाव आताच्यापेक्षा खालचं घेऊ नका, पुढच्या मुलाखतीत पगारापेक्षा ते जास्त काळ दिसतं. आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

रुजवात

ती शिल्लक एकट्या माझ्या पगारातली आहे. नवऱ्याच्या पगारातून कर्ज फिटतं, ते संपायला दोन वर्षं आहेत. त्याची परवानगी एका वर्षाची, म्हणजे मधलं एक वर्ष उघडं राहतं. तेवढ्या वर्षाचे हप्ते आधीच बाजूला काढता येतात का ते आज बसून पाहतोय. आले तर मी जाणार. नाही आले तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागणार, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ऑफर सोडणार. फेरविचाराचं आणि सामानाच्या खर्चाचं कालच कळवलंय, त्यांचं उत्तर आलं की इथे लिहिते.