सरकी तेलाच्या पिशवीवर 'जीएम' छापायला हरकत काय?

उंबरठा
आपल्याकडे जनुकबदल केलेलं, म्हणजे जीएम, अन्न खाल्लंच जात नाही, कीड मारणारं जनुक घातलेलं बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवलं ना, असं लोक अजून छातीठोकपणे सांगतात. वांगं थांबलं, खरंय. पण बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे आणि देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र आता बीटीचं आहे. कापसातून नुसता धागा निघत नाही. सरकी निघते, तिचं तेल फरसाणाच्या कढईत जातं. शिवाय अर्जेंटिना-ब्राझीलहून जहाजं भरून सोयाबीन तेल येतं, तिथलं सोयाबीन जवळपास सगळं जीएम. पिशवीवर अवाक्षर नाही.

नियम नव्हता असंही नाही. पॅकबंद मालाच्या वैधमापन नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' छापणं बंधनकारक झालं. २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले ६५ नमुने तपासले, तर २१ मध्ये जीएम अंश निघाला. त्यात आपलं सरकी तेलही होतं. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मसुदा काढला, १ टक्का किंवा त्याहून जास्त जीएम घटक असेल तर लिहा म्हणून.

जीएम खाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही ते फरसाण खातो. फक्त लिहा, आणि सक्तीने लिहा.

रसायनवाला
लिहून कळणार काय? बीटीचं प्रथिन पेंडीत राहतं. रिफाइंड तेल म्हणजे निव्वळ मेद. उरलाच तर डीएनएचा मागमूस, तोही पचून जाणार. अमेरिकेच्या २०१८ च्या नियमांनी म्हणूनच, जनुकबदल तपासणीत सापडत नसेल तर शुद्ध तेल आणि साखर वगळली. ज्याचा धोका नाही त्याची सूचना छापली की लोकांना वाटतं, नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

उंबरठा
साहेब, धोक्याचं नाव मी काढलं का? पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. गेली वीसहून जास्त वर्षं सक्तीचा आहे. मांसाहारी पदार्थावरच्या तपकिरी खुणेचं बिस्किट विषारी असतं म्हणून ती छापतात का? खाणाऱ्याला पदार्थ कुठून आला हे कळावं, एवढ्यासाठी छापतात. त्या खुणेमुळे अंड्याचा केक कुणी खायचं थांबलं नाही.

वऱ्हाडी गडी
ठिपक्याची गोष्ट बरी सांगितली भाऊ, पण अंडं ना केक, भाव आमच्या कापसाचा पडते! पुण्यामुंबईत पिशवी पाहून कोनी तेल घेतलं नाई, तर तेलवाला सरकीचा भाव पाडन. सरकीचा पडला की जिनवाला कापसाचा पाडन. २०१९ मध्ये आमच्या अकोट तालुक्यात अकोली जहांगीरले शेतकऱ्यायनं जाहीर करून तणनाशक सहन करणारं बियाणं लावलं, मंजुरी नसतानी. काहून? निंदणाची मजुरी परवडत नाई म्हणून. तुम्ही तंत्रज्ञानाले भेव लावा, अन् आमी खुरपं घेऊन बसतो.

लातूरकर
वऱ्हाडी भाऊ, कापसाचं तुमचं दुखणं खरं आहे. पण सोयाबीनचं बघा. आपल्या देशात जीएम सोयाबीन लावायला परवानगीच नाही. म्हणजे लातूरच्या गिरणीतलं तेल बिगर-जीएम आणि बंदरावर उतरलेलं तेल जीएम, तरी दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच नावाने. आमच्या मालाचं वेगळेपण विकायची सोयच ठेवलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि आमचा दहा हजाराला टेकलेला भाव कोसळला. नवा मालही त्याच सुमारास आला, हे कबूल. तरी आयातीची बातमी आली त्या आठवड्यात मार्केट यार्डात काय चाललं होतं ते आम्हाला विचारा. मला कोणाच्या आरोग्याची काळजी नाही. मला ते लेबल माझ्या भावासाठी हवं आहे.

वऱ्हाडी गडी
हे मातर सरळ बोलले तुम्ही. बाकीचे आरोग्य-आरोग्य करतेत.

जर्सीतली मावशी
इथला, अमेरिकेतला अनुभव सांगते. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये लेबलसाठी मतदान झालं. बियाणं आणि खाद्यपदार्थ कंपन्यांनी विरोधात कोट्यवधी डॉलर ओतले आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. व्हरमाँटने मात्र कायदा केला, जुलै २०१६ पासून लागूही केला. महिना उलटायच्या आत ओबामांनी केंद्रीय कायद्यावर सही केली आणि व्हरमाँटचा नियम गुंडाळला गेला. आता पाकिटावर 'बायोइंजिनिअर्ड' असतं किंवा नुसता क्यूआर कोड. दुकानात लेकरू ओढतंय, ट्रॉली भरलीय, कोण स्कॅन करतंय?

पण भीतीचं म्हणाल तर उलटंच झालं. व्हरमाँटमधला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. लेबल आल्यावर तिथे जीएमला असलेला विरोध इतर राज्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घटला. लपवलं की संशय वाढतो, दुसरं काय!

रसायनवाला
मावशी, व्हरमाँट केवढंसं राज्य! आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरला की लोक महिनाभर कोंबडी खात नाहीत. आणि तत्त्वाचंच बोलायचं तर सरकी पेंड म्हशीला घालतात. दुधाच्या पिशवीवरही 'जीएम' छापणार का?

उंबरठा
नाही. युरोपातही दूध, अंडी, मटण यांना लेबल लागत नाही, जनावराने काहीही खाल्लेलं असो. पण तेलाला लागतं, २००४ पासून, त्यात डीएनए सापडो न सापडो. तिथे बियाण्यापासून बाटलीपर्यंत कागद चालतो, प्रत्येक जण पुढच्याला लिहून देतो. आपल्याकडे तर सरकी वेगळी करायचाही त्रास नाही, जवळपास सगळीच बीटी.

रसायनवाला
सगळीच बीटी, तर मग सगळ्याच पिशव्यांवर एकच शिक्का. निवड कुठली करणार?

लातूरकर
सरकी नको असेल तर करडई घ्यावी, शेंगदाणा घ्यावा. निवड म्हणजे आणखी काय असते?

रसायनवाला
ठीक. पण मसुद्यातला १ टक्का तेलात मोजणार कशाने, ते सांगा. यंत्राला दिसत नाही, आणि कागदावर जायचं तर अर्धा धंदा कच्च्या पावतीवर चालतो.

उंबरठा
टक्का गाळा. पीक कोणतं आणि माल कुठला, एवढं गिरणीवाल्याने पक्क्या बिलावर लिहावं. आयातीच्या तेलाचा देश बंदरावर नोंदला जातोच. सुरुवात तिथून करा, सरकीचं नंतर बघू.

वऱ्हाडी गडी
सरकीचं नंतरच बघा, मंग माही हरकत नाई.