एपॉक्सी ओतण्याआधी खालची ओल तपासा
एपॉक्सी म्हणजे जमिनीवर ओतला की घट्ट होणारा रेझिनचा थर. त्याला टाइल्ससारखा सांधाच नसल्यामुळे ओलीची काळजी मिटते, असं म्हटलं जातं. वरून सांडलेल्या पाण्यापुरतं ते अगदी खरं. पण ओल खालूनही येते. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत चार महिन्यांतच खिडकीजवळ नखाएवढे फुगे आले. एक दाबून फोडला तर आत चक्क पाणी! काँक्रीटमधली वाफ वर येत राहते, एपॉक्सी तिला वाट देत नाही, आणि शेवटी थरच सुटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी दीड फूट चौरस प्लास्टिक काँक्रीटवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि किमान 16 तास तसंच राहू द्या. खालून थेंब धरले किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर कृपा करून घाई करू नका.

एपॉक्सीऐवजी मायक्रोसिमेंट, म्हणजे सिमेंट आणि पॉलिमरचा पातळ लेप, घ्यायचा विचार असेल तर त्याचा थर जेमतेम 2-3 मिमी असतो, त्यामुळे खालची हलती भेग आज ना उद्या वर उमटतेच. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत साधं एपॉक्सी पिवळं पडतं, हेही लक्षात असू द्या. खालचं काँक्रीट चांगलं निघालं तर मी तेच घासून पॉलिश करून घेईन. सुटून येईल असा थरच त्यात नसतो.