एन्ट्रॉपीची अट (एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, हिची निर्मिती कधीच ऋण नसावी) उष्णतेची समीकरणं मांडतानाच लावायची की शेवटी तपासायची?

कर्वेनगरी (धागा): फूरिएच्या नियमात (उष्णताप्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात) उष्णता अनंत वेगाने पसरते, म्हणून संगणकी कोडमध्ये कटानिओचं १९४८ चं समीकरण घालतात: रिलॅक्सेशन टाइम (उताराला प्रतिसाद द्यायला प्रवाहाला लागणारा वेळ) × उष्णताप्रवाहाचा बदलदर + उष्णताप्रवाह = −वाहकता × तापमानाचा उतार. एन्ट्रॉपीचं सूत्र मात्र जुनंच ठेवतात. मग प्रवाह झपाट्याने ओसरू लागला की एन्ट्रॉपी-निर्मिती ऋण येते! जुन्या एन्ट्रॉपीतून, दर घनफळामागे, रिलॅक्सेशन टाइम × प्रवाहाचा वर्ग ÷ (२ × वाहकता × तापमानाचा वर्ग) वजा करा. निर्मिती उरते प्रवाहाचा वर्ग ÷ (वाहकता × तापमानाचा वर्ग), म्हणजे कधीच ऋण नाही. म्हणून अट समीकरणं मांडतानाच लावावी. लिऊंच्या १९७२ च्या लग्रांज गुणकांच्या पद्धतीत तेच होतं: गुणक लावून समीकरणं एन्ट्रॉपीच्या अटीतच जोडली जातात.

भोसरीकर: अहो, पण गरज कुठे आहे? चाकणला बनणाऱ्या पोलादी भागात १ मिमी आत उष्णता मुरायला साधारण ०.०८ सेकंद लागतात. धातूतला रिलॅक्सेशन टाइम पिकोसेकंदांतला. अब्जावधी पटींचा फरक. फूरिए पुरतो. आणि ही अट चिन्हं सांगते (वाहकता धन की ऋण), वाहकतेचा आकडा नाही.

कर्वेनगरी: पोलादाचं मान्य. पण सोडियम फ्लोराइडच्या अतिशुद्ध स्फटिकात अतिशीत तापमानाला उष्णता लाटेसारखी धावते, तिथे फूरिए चालत नाही. आणि फक्त चिन्हं? रिलॅक्सेशन टाइम ÷ (वाहकता × तापमानाचा वर्ग) हे गुणोत्तर तापमानाबरोबर बदलत असेल, तर कटानिओच्या डाव्या बाजूला आणखी एक पद यावंच लागतं: ½ × वाहकता × तापमानाचा वर्ग × त्या गुणोत्तराचा बदलदर × प्रवाह. ते गाळलं की निर्मिती पुन्हा ऋण होऊ शकते. नुसते आकडे मोजून हे पद सापडत नाही.

पाषाणरोड: दोघेही घन पदार्थातच अडकलात. विरळ वायूत एन्ट्रॉपीचा प्रवाह = उष्णताप्रवाह ÷ तापमान हेच टिकत नाही. कोलमन आणि नोल यांनी १९६३ मध्ये ते गृहीत धरलं होतं; म्यूलरनी १९६७ मध्ये तो प्रवाहही पदार्थानुसार ठरू दिला. ग्रॅडच्या १३ मोमेंटांच्या प्रारूपात (मोमेंट म्हणजे रेणूंच्या वेगांवरून काढलेल्या सरासऱ्या: घनता, वेग, ताण, उष्णताप्रवाह वगैरे) ताण आणि उष्णताप्रवाह यांच्या गुणाकाराचं जादा पद त्यात येतं.

भोसरीकर: त्याच १३ मोमेंटांत सुमारे १.६५ माखच्या (ध्वनीच्या वेगाच्या १.६५ पट) वर अखंड शॉक-रचना (आघात-लाटेतला सलग बदल) मिळत नाही. मोमेंट वाढवले की मर्यादा वर सरकते, पण भिंतीवर आपल्या हातात तापमान आणि वेग एवढंच. उरलेल्या मोमेंटांच्या सीमा-अटी कुठून आणायच्या?

पाषाणरोड: तो प्रश्न खरा आहे, आणि एन्ट्रॉपीची अट एकटी तो सोडवत नाही. भिंतीवरून रेणू कसे परततात याचं वेगळं प्रारूप घ्यावंच लागतं.